बांधावरचा तरवड : लावावा कसा, राखावा कसा



घट बसायचे दिवस जवळ आले की घरोघरी एकच विचारणा सुरू होते, "तरवडाची फुलं कुठं मिळतील?" नवरात्रात घटावर रोज एक माळ चढवायची, आणि आपल्या भागात त्या माळेत तरवडाच्या पिवळ्या फुलांचा मान मोठा. पूर्वी लेकरांना नुसतं सांगितलं की ती धुऱ्यावर जाऊन टोपलंभर फुलं घेऊन यायची. आता त्याच फुलांसाठी चार शेतं हिंडावी लागतात. कारण तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. दोन्हीकडून नांगर लावून बांध कोरले गेले, उरलेला जेसीबीनं सरळ केला, आणि त्यावर जे हिरवं राहिलं त्यावर तणनाशक फिरलं. तरवड गेला. त्याच्या मुळांनी धरलेली मातीही त्याच्या मागोमाग चालली आहे.

तरवड पुन्हा लावायला खर्च जवळजवळ नाही. लागतं ते इतकंच : वेळेवर धरलेलं बी, पहिल्या पावसाळ्यात राखण, आणि पुढे दरवर्षी योग्य महिन्यात छाटणी. या तीन गोष्टी कशा करायच्या ते या पत्रकात क्रमानं सांगितलं आहे.

तरवड ओळखायचा कसा?

म्हणाल, तरवड कोण ओळखत नाही? पण बी धरताना चूक होते, म्हणून खुणा सांगतो. तरवडाला शास्त्रात 'सेन्ना ऑरिक्युलाटा' म्हणतात. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला. पानाचा देठ जिथं फांदीला चिकटतो तिथं कानाच्या पाळीसारखी दोन गोल पानं असतात आणि ती गळून जात नाहीत. ही पक्की खूण. एका देठावर पानांच्या आठ ते बारा जोड्या असतात. साल तांबूस तपकिरी. झुडूप कमरेपासून माणसाच्या उंचीपर्यंत वाढतं. फुलं मोठी, पिवळीजर्द, फांद्यांच्या शेंड्याला झुपक्यानं येतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, चार बोटं लांब. वाळली की तपकिरी होते.

पावसाळ्यात उगवणारा टाकळा वेगळा. तो एका हंगामात उगवून मरतो आणि त्याची शेंग दोऱ्यासारखी बारीक, लांब असते. कासविंदाही वेगळा. त्याची पानं मोठी, टोकदार, पाच-सहा जोड्यांचीच, आणि चुरगाळली की उग्र वास येतो. कासविंद्याचं बी विषारी आहे, ते लेकरांच्या हाती लागू देऊ नका. 'कान' दिसला तरच तरवड, एवढं ध्यानात ठेवा.

आपल्या जमिनीला तरवडच का?

थंड मुलकात अंगणातलं झुडूप निवडताना ते बर्फ सोसेल का, हे आधी पाहतात. फोर्सिथिया नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप तिकडे याच कसोटीला उतरलेलं आहे. आपली कसोटी दुसरी. आपल्याला एप्रिल-मेचं ऊन सोसणारं, आणि पाऊस एकदम कोसळला तर माती धरणारं झुडूप पाहिजे.

दोन्ही गोष्टी आपण पाहिल्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्याच आपल्या जिल्ह्यात सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मांजरा आणि तेरणा या नद्यांना मोठे पूर आले, आणि काठच्या शेतांतली पिकं मातीसकट खरवडून गेली. एकाच जमिनीला एका वर्षी पाणी नाही आणि दुसऱ्या वर्षी पाणी आवरत नाही, अशी ही गत आहे. दोन्ही वेळेला शेताचा पहिला राखणदार बांध. उन्हाळ्यात उघडा बांध भेगाळतो, मिरगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांत शिरतो, आणि बांध फुटतो. एकदा बांध फुटला की त्या वाटेनं वरची सुपीक माती ओढ्याला जाते. ती माती तयार व्हायला किती पिढ्या लागल्या आणि जायला किती घटका लागतात, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी उपाशीपोटी टोपली वाहून महाराष्ट्रभर ताली-बांध घातले. ते बांध आपण फुकट गमवावेत, हे काही शहाणपणाचं नाही.

तरवडाचं मूळ खोल जातं. मुरमाड, चुनखडीच्या, हलक्या माळावर तो तग धरतो. उन्हाळ्यात पाणी द्यावं लागत नाही. आणि सर्वात मोठी सोय अशी की जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेळी कधी एखादा कोवळा शेंडा खुडते, पण बोरी-बाभळीसारखा तो ओरबाडून खात नाही. म्हणून कुंपण न घालता उघड्या बांधावर वाढणाऱ्या मोजक्या झुडपांत तो आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. तरवडाला शेंगा येतात म्हणून तो तूर-हरभऱ्यासारखा मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, असं काहीजण समजतात. तसं नाही. तरवडाच्या मुळांवर तशा गाठी नसतात. त्याच्यापासून जमिनीला फायदा होतो तो पाल्याचा. छाटलेला पाला शेतात पसरून गाडला की चांगलं हिरवळीचं खत होतं. दक्षिणेकडे भातशेतीत हा पाला त्यासाठी वापरला जातो.

जुन्या काळचा मान

तरवडाची साल ही एके काळी मोठ्या व्यापाराची चीज होती. कच्चं कातडं कमावायला लागणारा तुरटपणा तिच्यात भरपूर असतो. गावोगावचे कारागीर बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीत कातडं कमावून मोटा, वहाणा आणि बैलांचं सामान तयार करायचे. मद्रास इलाख्यातून याच सालीत कमावलेली कातडी विलायतेला जात. पुढे आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली, नंतर रसायनं आली, आणि तरवडाच्या सालीचा बाजार बसला. मोट गेली, इंजिन आलं, मग विजेचा पंप आला. पण तरवडाचं देवघरातलं स्थान काही हललं नाही.

आपल्या शेजाऱ्यांकडेही तेच. १९५६ पर्यंत निलंगा तालुका हैदराबाद संस्थानच्या, पुढे हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता, त्यामुळे तिकडच्या चालीरीती आपल्याला परक्या नाहीत. तेलंगणात याला तंगेडू म्हणतात. तिथल्या बाया नवरात्राच्या सुमारास बतुकम्माचा सण करतात, त्यात फुलांचा जो डोंगर रचतात त्यात तंगेडूला पहिला मान. तेलंगण राज्यानं तर तरवडाला आपलं राज्यफूल केलं आहे. जे फूल तिकडे राज्याची खूण झालं, त्याला आपण तण समजून औषध मारतो.

बी कसं धरावं?

शेंगा हिवाळ्यात पिकू लागतात. पौष-माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, शेंग तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळ वाजली की ती काढावी. आपल्याच शिवारातल्या, भरपूर फुलणाऱ्या, निरोगी झुडपाचं बी घ्यावं. एकाच झुडपाचं न घेता पाच-सहा झुडपांचं मिसळून घ्यावं. शेंगा दोन दिवस उन्हात वाळवून काठीनं बडवाव्यात आणि सुपानं पाखडावं. भोक पडलेलं, हलकं बी टाकून द्यावं. राहिलेलं बी राखेत मिसळून गाडग्यात किंवा डब्यात कोरड्या जागी ठेवावं.

तरवडाच्या बियाचं कवच फार टणक असतं. तसंच पेरलं तर काही बी या वर्षी उगवतं, काही पुढच्या वर्षी, तर काही उगवतच नाही. म्हणून पेरणीच्या आदल्या संध्याकाळी असं करा. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा. थोडा वेळ थांबा, उकळी पूर्ण बसू द्या. मग त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. बी चुलीवर शिजवू नका, नाहीतर ते मरेल. सकाळी फुगलेलं बी वेगळं काढा आणि त्याच दिवशी पेरा. जे फुगलं नाही ते खरबरीत दगडावर वाळूबरोबर हलकं घासून पुन्हा भिजवा.

पेरणी कधी आणि कुठं?

मिरगाचा चांगला पाऊस होऊन वीतभर ओल गेली की पेरणी करावी. रोपं तयार करून लावण्यापेक्षा जागेवर बी टोचणं चांगलं, कारण तरवडाचं सोटमूळ लवकर खाली जातं आणि रोप उपटून लावताना ते तुटतं. रोपंच करायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये उंच पिशव्यांत बी टाकून जूनअखेर पिशवी फाडून मातीच्या हुंडीसकट लावावीत.

बांधाच्या माथ्यावर तीन-तीन फुटांवर खुरप्यानं माती भुसभुशीत करा. प्रत्येक ठिकाणी तीन बिया अर्ध्या पेराइतक्या खोल टोचा, वरून माती दाबा. एक एकराचं चौकोनी शेत धरलं तर त्याची एक बाजू सुमारे दोनशे आठ फूट भरते. म्हणजे एका बांधाला सत्तरेक झुडपं पुरतात आणि मूठभर बियात काम होतं.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, सांडव्यात तरवड लावू नका. जास्तीचं पाणी निघायची वाट मोकळीच पाहिजे, नाहीतर पाणी भलतीकडून बांध फोडील. दुसरी, बांध सामाईक असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला. बांधावरून भाऊबंदकीत कोर्टकचेऱ्या झालेल्या आपण पाहतो. दोघांनी मिळून लावला तर राखणही दोघं करतील, आणि बांध कोरायचा मोहही दोघांचा सुटेल.

घराच्या अंगणात किंवा परसात एक-दोन झुडपं लावायची असतील तर दिवसभर ऊन असलेली जागा निवडा. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ लावू नका. तरवडाला दुष्काळ मानवतो, पण मुळाशी साचलेलं पाणी मानवत नाही. सावलीत तो जगतो पण फुलत नाही.

पहिली दोन वर्षं

बी आठ-पंधरा दिवसांत उगवू लागतं. महिन्याभरानं प्रत्येक जागी एकच जोमदार रोप ठेवा. खरी काळजी आहे ती पहिल्या पावसाळ्यात. गवत रोपापेक्षा लवकर वाढतं आणि त्याला दाबून टाकतं. श्रावणापर्यंत दोनदा रोपाभोवतीचं हातभर गवत खुरपून काढा आणि तेच तिथं आच्छादन म्हणून पसरा. बाकीच्या बांधावरचं गवत राहू द्या, तेही माती धरतं.

सोयाबीनवर तणनाशक मारताना पंपाचं नोझल बांधाकडे वळवू नका. 'ग्लायफोसेट'सारखं औषध हिरव्या पानावर पडलं की ते तण आणि तरवड असा भेद करीत नाही. वर्षाची मेहनत एका फवाऱ्यात जाते. रोपांजवळ एक-एक काठी रोवून ठेवा, म्हणजे फवारणाऱ्या गड्याच्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या ध्यानात राहील.

पहिल्या उन्हाळ्यात शक्य असेल तर पंधरा दिवसांनी तांब्या-दोन तांबे पाणी द्या. नाही जमलं तरी चांगलं रुजलेलं रोप बहुधा निभावून नेतं. पानं झडली म्हणजे रोप मेलं असं समजून उपटू नका. सालीला नखानं ओरखडा काढून पाहा, आत हिरवं दिसलं की ते जिवंत आहे. दुसऱ्या वर्षापासून पाणी नको आणि खतही नको. जास्त खतानं पाला माजतो, फुलं कमी येतात.

छाटणी : इथंच फुलांचं गणित आहे

तरवडाची फुलं त्या वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या शेंड्याला येतात. तुरीचे शेंडे खुडले की बगलेतून फुटवे येतात आणि शेंगा वाढतात, हे तुम्ही करून पाहिलं आहे. तरवडाचंही तसंच. जितके नवे फुटवे, तितके फुलांचे झुपके. पण तुरीचा शेंडा जसा वेळेवरच खुडावा लागतो, तशीच इथंही वेळ महत्त्वाची.

शेंगा काढून झाल्या की फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, छाटणी करावी. गुडघ्याएवढी उंची ठेवून बाकीच्या फांद्या धारदार कोयत्यानं तिरप्या कापाव्यात. बोथट हत्यारानं साल फाटते आणि बुंधा चिरतो. पाऊस पडला की बुंध्यातून धुमारे येतात आणि नवरात्रापर्यंत ते फुलावर असतात. श्रावण-भाद्रपदात छाटलं तर फुलणारे शेंडेच कापले जातात आणि ऐन घटाच्या वेळी झुडूप मुकं राहतं. बांध 'साफ' करण्याचं काम अनेकजण नेमकं पोळ्याच्या सुमारास काढतात. ते तेवढं पुढे ढकला.

सगळ्या ओळीची छाटणी एकाच वर्षी करू नका. एक आड एक झुडूप या वर्षी छाटा, राहिलेली पुढच्या वर्षी. म्हणजे बांध कधी उघडा पडत नाही. जुनं, वेडंवाकडं वाढलेलं झुडूप असेल तर ते जमिनीपासून वीतभर ठेवून कापावं, ते नव्यानं फुटतं. उभ्या फांदीची साल मात्र सोलू नका. भोवताली साल निघाली की ती फांदी वाळते. साल पाहिजे असेल तर कापलेल्या फांदीचीच काढावी.

फुलं तोडताना

फांदी मोडून नेऊ नका. झुपका तेवढा देठासकट कात्रीनं किंवा नखानं खुडा. सकाळी लवकर तोडा, ओल्या फडक्यात गुंडाळा. एका झुडपावरचे तीनातले दोन झुपके न्या, एक झुडपावर राहू द्या. तो पुढच्या वर्षीच्या बियासाठी आणि भुंग्यांसाठी. ज्यांच्याकडे पन्नास-शंभर झुडपं असतील त्यांच्या घरच्या बायांना नवरात्राच्या नऊ दिवसांत गावात आणि बाजारात फुलं विकून चार पैसे मिळू शकतात. मोठ्या कमाईच्या आशेनं मात्र पिकाची जमीन तरवडाखाली घालू नका. त्याची जागा बांधावर.

भुंगे आणि अळ्या

तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसता पराग असतो, आणि तो कुप्यांच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो. मोठा काळा भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतो. तो 'गुंऽऽ' आवाज तुम्ही ऐकला असेल. त्या थरथरीनं पराग झडतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलाचीही रचना अशीच आहे, आणि तुरीच्या फुलावरही हे भुंगे येतात. पावसाळ्याच्या मध्यापासून बांधावर तरवड फुललेला असला की भुंग्यांना खाणं मिळतं आणि तूर फुलावर येईपर्यंत ते शिवारात टिकतात. या कामाची मजुरी ते मागत नाहीत.

कधी पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. त्या तरवड-टाकळ्याच्या कुळातली पानं खातात, सोयाबीनवर उतरत नाहीत. फवारणी करू नका. पानं खाल्ली तरी झुडूप पुन्हा पालवतं.

नेहमी येणारे प्रश्न

प्रश्न : तरवड पिकाची ओल ओढून घेईल का?
उत्तर : बांधालगतच्या एखाद्या तासाला थोडा फरक पडेल, हे खरं. म्हणून पीक बांधापासून दोन फूट सोडून घ्या आणि छाटणी चुकवू नका. बांध फुटून जे नुकसान होतं त्यापुढे हे काहीच नाही.

प्रश्न : तो शेतात पसरून तण होईल का?
उत्तर : बी झुडपाजवळच पडतं. शेंगा वेळेवर काढल्या आणि पाळी नीट घातली तर कोवळी रोपं वखराखाली जातात. जाणतं झालेलं मूळ मात्र टिकावानं काढावं लागतं, म्हणून शेतातलं रोप लहानपणीच काढा.

प्रश्न : तरवडाच्या फुलांचा काढा साखरेच्या आजारावर घेतात. घ्यावा का?
उत्तर : तसा घरगुती वापर आहे. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन त्याच्या भरवशावर बंद करू नका, त्यात जिवाला धोका आहे. काढा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाल्याचा आणि शेंगांचा गुण रेचक आहे, म्हणून लेकरांना आणि गरोदर बायांना देऊ नका.

वर्षाचं काम थोडक्यात

जानेवारी-फेब्रुवारी : शेंगा काढणं, बी साठवणं.
फेब्रुवारी-मार्च : एक आड एक झुडपाची छाटणी. पाला शेतात, काड्या चुलीला.
जून : मिरगाच्या ओलीवर गरम पाण्यातलं बी टोचणं.
जुलै-ऑगस्ट : विरळणी, दोन खुरपण्या. तणनाशकापासून जपणं.
सप्टेंबर-ऑक्टोबर : फुलांची तोडणी. या दिवसांत कोयता लावू नये.
नोव्हेंबर-डिसेंबर : शेंगा भरू देणं, बियासाठी चांगली झुडपं हेरून ठेवणं.

मंडळी, सगळे बांध एकाच वर्षी लावायचा घोर घेऊ नका. ज्या बांधावरून दर पावसाळ्यात माती जाते असा एक बांध निवडा आणि येत्या मिरगाला तेवढा लावा. येत्या हिवाळ्यात शिवारात फिरताना जिथं तरवड दिसेल तिथली ओंजळभर वाळली शेंग खिशात घालून आणा. सुरुवात तेवढ्यानं होते.